व्हिएतनाम, कंबोडिया, बाली : व्हिसा घरूनच ऑनलाइन काढावा की तिथे उतरल्यावर?

दिवेलागण :
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. सासू-सासरे (दोघंही सत्तरीच्या पुढचे), आम्ही दोघं आणि पाच वर्षांची लेक अशी वरात निघणार आहे. सायगावला म्हणजे हो ची मिन्ह सिटीला उतरायचं, तिथून बसने नॉम पेन्ह, मग सिएम रीपला अंकोर वाट, तिथून विमानाने परत सायगाव, एक-दोन दिवस राहून शेवटी बाली आणि मग घर. पासपोर्ट सगळ्यांचे भारतीय.

घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं की कशाला आधीपासून फॉर्म भरत बसायचं, उतरल्यावर पैसे भरले की शिक्का मिळतो. जाऊबाई म्हणतात की परक्या देशात रांगेत उभं राहून कागद शोधण्यापेक्षा घरी बसून काय ते उरका. मला ऑनलाइन बरं वाटतंय कारण सासऱ्यांना गुडघ्यामुळे फार वेळ उभं राहवत नाही, पण फॉर्ममध्ये काही चुकलं तर काय ही पण धास्ती आहेच. ज्यांनी दोन्ही प्रकार केलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

कावळोबा :
मी पयला! माझं मत ऑनलाइनला. बालीचे फोटो टाकायला विसरू नका.

रानवारा :
माझं मत बरोब्बर उलटं आहे, आणि ते का ते सांगतो.

ऑन अरायव्हलचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तारखा तुमच्या हातात राहतात. घरात लहान मूल आणि ज्येष्ठ मंडळी आहेत म्हणजे आयत्या वेळी कोणाला तरी ताप येणार, तिकीट पुढे ढकलावं लागणार. ऑनलाइन भरलेली फी बहुतेक देश परत करत नाहीत. दुसरं म्हणजे काउंटरवरचा माणूस पासपोर्ट हातात घेऊन त्यावरूनच नाव-नंबर उतरवतो, तुमच्या बोटाने एखादा आकडा इकडचा तिकडे व्हायचा प्रश्नच येत नाही. आणि तिसरं, त्या सरकारी साइट! फोटो अपलोड करायला जावं तर साइझ जास्त, कमी केला तर अंधुक, सगळं जमलं की पेमेंटच्या पानावर गोल फिरत बसतं आणि ओटीपी येईस्तोवर सेशन संपतं.

बालीला मी उतरल्यावरच काढला. इमिग्रेशनच्या अलीकडे वेगळी काउंटरं आहेत, तिथे ५ लाख रुपिया (त्यांचे, घाबरू नका) कार्डने किंवा रोख भरायचे, पावती घ्यायची आणि पुढच्या रांगेत जायचं. ३० दिवस मिळतात आणि एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतात. कंबोडियातही तसंच, ३० डॉलर दिले आणि झालं. त्यामुळे तुमच्या यजमानांचं अगदीच चूक नाहीये ताई.

सुपारी :
५ लाख वाचून माझ्या छातीत कळ आली होती, कंस वाचल्यावर गेली :)

खिडकीची_सीट :
रानवारा, बाली आणि कंबोडियाबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. पण दिवेलागणताई, हे कृपा करून व्हिएतनामला लावू नका. बरीच वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरला काम केलंय म्हणून कळकळीने लिहितेय.

व्हिएतनामला ‘ऑन अरायव्हल’ म्हणतात तो प्रकार नुसतं जाऊन उभं राहून मिळत नाही. आधी एखाद्या एजन्सीमार्फत तिथल्या इमिग्रेशनचं मंजुरीपत्र काढावं लागतं, ते दाखवल्यावरच विमानात बसता येतं, आणि तिथे उतरल्यावर ते पत्र, फॉर्म, फोटो देऊन स्टॅम्पिंगची फी वेगळी भरायची. शिवाय हे फक्त विमानतळांवर चालतं. म्हणजे घरून करायचं काम काही वाचत नाही, उलट एजन्सीचे पैसे वर आणि रांग आहेच.

लोकांना एक गोष्ट माहीत नसते. तुमची पहिली तपासणी त्या देशात होत नाही, ती इथे आमच्या काउंटरवर होते. आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना, तिची टायमॅटिक नावाची प्रणाली आहे, त्यात तुमचं नागरिकत्व, कुठे चाललात, मध्ये कुठे थांबणार हे टाकलं की काय काय कागद लागतात ते येतं. त्यात नसेल तर आम्ही बोर्डिंग पास देऊच शकत नाही, कारण तिथून प्रवासी परत पाठवला तर त्याला परत आणायची जबाबदारी एअरलाइनवर येते आणि बरेच देश दंडही लावतात. काउंटरवर कोणी कितीही सांगितलं की माझा मित्र असाच गेला होता तरी उपयोग नसतो.

एका कुटुंबाचा चेहरा अजून आठवतो मला. चौघं होते, मुलांच्या पाठीवर सारख्याच नव्या सॅक, बॅगा वजन करायच्या पट्ट्यावर ठेवून झाल्या होत्या आणि वडील मोबाईलवर एक लेख उघडून मला दाखवत होते की बघा यात लिहिलंय ‘व्हिसा ऑन अरायव्हल अव्हेलेबल’. मंजुरीपत्राचा उल्लेख त्याच लेखात खाली होता. पट्ट्यावरून बॅगा उचलून परत त्यांच्या हातात देताना मलाच कसंतरी झालं. म्हणून सांगते, नावात ऑन अरायव्हल असलं तरी प्रत्येक देशाचा अर्थ वेगळा आहे, तो आधी बघा.

ऋतुगंध :
खिडकीची_सीट, अत्यंत माहितीपूर्ण प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

व्हिएतनामच्या ई-व्हिसाबद्दल भर घालते. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो सगळ्या देशांच्या नागरिकांना मिळतो, ९० दिवसांपर्यंत आणि सिंगल किंवा मल्टिपल एंट्री. सिंगल २५ डॉलर, मल्टिपल ५० डॉलर, नाकारला तरी पैसे परत नाहीत. कामाचे तीन दिवस लागतात असं त्यांची साइट सांगते, पण शनिवार-रविवार आणि सुट्ट्या त्यात धरू नका, विशेषतः त्यांच्या नववर्षाच्या म्हणजे तेतच्या सुट्टीत सगळं ठप्प असतं. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवून भरा.

फॉर्ममध्ये बघायच्या गोष्टी : पासपोर्टच्या पानाचा फोटो सरळ आणि पूर्ण हवा, खालच्या त्या दोन ओळी (<<< खुणा असतात त्या) कापल्या जाता कामा नयेत, वर बल्बचा उजेड चमकलेला नको. चेहऱ्याचा फोटो चष्म्याशिवाय. आणि कुठून आत जाणार ते ठिकाण निवडावं लागतं, तिथे सायगावचं विमानतळ ‘तान सन न्हात’ या नावाने शोधा. व्हिसावर जी सुरुवातीची तारीख पडते तिच्या आधी आत घेत नाहीत. मध्यरात्री उतरणारं विमान असेल तर तारीख दोनदा तपासा, निघायची तारीख आणि पोचायची तारीख यात गल्लत होते. पाच वर्षांच्या मुलीचा तिच्या स्वतःच्या पासपोर्टवर वेगळा अर्ज.

नवखा_प्रवासी :
एक बाळबोध शंका. नाव कसं लिहायचं? आमच्याकडे वडलांचं नाव मध्ये असतं, फॉर्ममध्ये तर मधल्या नावाची वेगळी चौकट असते कधीकधी.

ऋतुगंध :
@नवखा_प्रवासी, पासपोर्टवर जसं आहे तसंच. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ मध्येच स्वतःचं आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, मग ते दोन्ही मिळून गिव्हन नेममध्ये घाला. वेगळी मधली चौकट सक्तीची नसेल तर रिकामी सोडा. विमानाच्या तिकिटावरही तेच नाव हवं. सगळ्यात सोपं म्हणजे खालच्या त्या दोन ओळींत नाव कसं मोडलंय ते बघायचं, यंत्र तेच वाचतं.

नवखा_प्रवासी :
धन्यवाद, आता कळलं.

मैलाचा_दगड :
एक मिनिट. सगळे ऑनलाइन की ऑन अरायव्हल यावर बोलताय पण मूळ पोस्ट नीट वाचा की. त्या सायगावला उतरणार, बसने कंबोडियात जाणार आणि विमानाने परत सायगावला येऊन राहणार. म्हणजे व्हिएतनाममध्ये दोनदा प्रवेश! सिंगल एंट्री घेतली तर कंबोडियाच्या हद्दीत पाऊल टाकलं की तो व्हिसा संपला. पाचही जणांचा मल्टिपल काढा, नाहीतर सिएम रीपच्या विमानतळावर खिडकीची_सीट यांच्यासारखंच कोणीतरी तुम्हाला थांबवेल.

दिवेलागण :
बाप रे. मैलाचा_दगड, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं कारण घरात चर्चा फक्त रांगेचीच चालली होती. खूप खूप आभार. खिडकीची_सीट यांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, व्हिएतनामपुरतं तरी एकमत झालंय.

काळीमांजर :
आता कंबोडियाकडे येऊ. विमानाने जाणाऱ्यासाठी रानवारा म्हणतात तसं ऑन अरायव्हल सोपं आहे हे मलाही मान्य. नॉम पेन्हच्या जुन्या विमानतळावर तर तो प्रकार बघण्यासारखा होता, लांबलचक टेबलामागे अधिकारी ओळीने बसलेले, पहिल्याकडे पासपोर्ट, फॉर्म, फोटो आणि पैसे द्यायचे, मग तो पासपोर्ट या हातातून त्या हातात करत दुसऱ्या टोकाला पोचायचा आणि तिथून नावाचा पुकारा व्हायचा. आपली नावं त्यांच्या तोंडून अशी काही निघायची की प्रत्येकजण पुढे वाकून पासपोर्टवरचा फोटो बघायचा, हा माझा का म्हणून. पण काम भराभर व्हायचं.

बसने मात्र वेगळं. सायगावहून नॉम पेन्हला जाताना व्हिएतनामच्या बाजूला मोक बाई आणि कंबोडियाच्या बाजूला बावेत असं नाकं आहे. बसमध्ये कंडक्टर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो आणि व्हिसाचे पैसे मागतो, ते ३० डॉलरपेक्षा जास्तच असतात, वरचे ‘सर्व्हिस’चे. तुम्ही म्हणालात मी स्वतः काढेन तर काढता येतो पण बस तुमच्यासाठी किती थांबेल याची खात्री नाही. ई-व्हिसा घेऊन गेलात तर हा विषयच संपतो, बावेतला तो चालतो. बरोबर ज्येष्ठ मंडळी आहेत, पाच जणांचे पासपोर्ट कंडक्टरच्या हातात देऊन बसण्यापेक्षा मी तर ऑनलाइनच काढेन. प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती छापून ठेवा, एक आत जाताना आणि एक बाहेर पडताना लागू शकते.

रानवारा :
काळीमांजर, जमिनीवरच्या नाक्यांबद्दल तुमचं पटलं. तिथे मीही ऑनलाइनच सुचवेन. माझं म्हणणं विमानतळापुरतं धरा.

कावळोबा :
थायलंडकडून पोइपेतच्या नाक्याने कंबोडियात गेलेलं कोणी आहे का? तिकडच्या दलालांच्या गोष्टी फार ऐकल्यात.

काळीमांजर :
@कावळोबा, पोइपेतचा नाका याबाबतीत बदनामच आहे, सीमेच्या अलीकडेच तुम्हाला एखाद्या ऑफिसात नेऊन हाच व्हिसा काउंटर म्हणून जास्त पैसे घेतात. पण २०२५ च्या मध्यात थायलंड-कंबोडियाचा संघर्ष पेटला आणि ते नाके बंद झाले, त्यामुळे त्या वाटेचा बेत करण्याआधी ताजी परिस्थिती बघाच.

सुपारी :
डॉलरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात पण नोट फाटकी, जरा चिरलेली, पेनाने काही लिहिलेली असेल तर घेतच नाहीत. ऑन अरायव्हलला जाणार असाल तर कोऱ्या नोटा आणि सुट्टे ठेवा, १०० ची नोट दिली की परत मिळायला वेळ लागतो. माझे वडील नोटा वहीच्या पानांत घालून ती वही बॅगेच्या तळाशी ठेवतात. इमिग्रेशनला मग सगळी बॅग उपसावी लागते पण नोटा एकदम कडक :)

आजोबा_ऑनलाइन :
दिवेलागण, तुमच्या सासऱ्यांच्याच वयाचा आहे मी, त्यामुळे माझा शब्द त्यांच्या बाजूचा समजा.

तिकीट काढतानाच एअरलाइनकडे व्हीलचेअर मदत मागून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. उतरल्यावर माणूस येतो आणि इमिग्रेशनपर्यंत सोबत करतो, बहुतेक ठिकाणी वेगळ्या रांगेने नेतो. पण व्हिसा काउंटरची रांग वेगळी असेल तर तिथे वेळ जातोच, तो मदतनीसही खोळंबतो. गुडघेदुखीवाल्या माणसाला चालण्यापेक्षा एका जागी उभं राहण्याचा त्रास जास्त होतो, हे स्वानुभवाने सांगतो. रानवारा म्हणतात ते फायदे तरुण माणसाला खरे आहेत. पण साताठ तासांच्या प्रवासानंतर अर्धा तास कमी उभं राहायला मिळणं याची किंमत आमच्या वयात कळते.

थोडं अवांतर. जॉर्डनला जाणाऱ्यांसाठी ऑनलाइनचा फायदा अगदी उघड आहे. तिथे ऑन अरायव्हल व्हिसा ४० दिनार आणि पेट्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार. पण निघण्याआधी ‘जॉर्डन पास’ घेतला तर ७० दिनारपासून सुरुवात, त्यात पेट्रा आणि इतर बरीच स्थळं येतात आणि किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाची फी माफ. उतरल्यावर घेऊ म्हणाल तर ती माफी हुकते. मी तो पास छापून नेला होता, अधिकाऱ्याने यंत्राने वाचला आणि शिक्का मारला.

खिडकीची_सीट :
काका, व्हीलचेअरचा मुद्दा फार मोलाचा. लोक संकोच करतात आणि मग ऐनवेळी आमच्याकडे मागतात, तेव्हा मिळेलच असं नसतं.

नवखा_प्रवासी :
केनियाला ऑन अरायव्हल मिळतो का हो अजून? सफारीचा विचार चाललाय.

मैलाचा_दगड :
@नवखा_प्रवासी, नाही. जानेवारी २०२४ पासून तिथे ईटीए (इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी) आहे, आधीच ऑनलाइन भरून मंजूर करून न्यायचं. आणि त्याहून महत्त्वाचं, यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. तिकडून भारतात परत येताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हे प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालतं, जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी. व्हिसा व्हिसा करताना हे हमखास राहून जातं.

बादवे, भारत स्वतः याच वाटेने गेलाय. २०१० मध्ये जपान, सिंगापूर, न्यूझीलंड, फिनलंड आणि लक्झेंबर्ग या पाच देशांच्या लोकांना उतरल्यावर व्हिसा द्यायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑनलाइन मंजुरीची पद्धत ४३ देशांसाठी आणली. गंमत म्हणजे आधी तिच्याही नावात ऑन अरायव्हल होतं, लोक अर्ज न करता येऊन उभे राहतील म्हणून पुढच्या वर्षी ई-टुरिस्ट व्हिसा असं नाव केलं.

रानवारा :
ऑनलाइनवाल्यांनो, खोट्या साइटबद्दल कोणीच बोलत नाहीये. सर्च केलं की वरच्या दोन-तीन तर जाहिरातीच असतात, दिसायला सेम टु सेम, झेंडा, राजमुद्रा सगळं, आणि फी दुप्पट-तिप्पट. माझ्या ओळखीत एका कुटुंबाने अशा साइटवर पैसे भरले, व्हिसा आला पण नावात चूक, आणि दुरुस्तीला कोणी उत्तर देईना. हे ऑन अरायव्हलला होत नाही.

ऋतुगंध :
रानवारा, एकदम रास्त मुद्दा. पत्त्याचा शेवट बघायचा. व्हिएतनामची साइट डॉट जीओव्ही डॉट व्हीएन, कंबोडियाची डॉट जीओव्ही डॉट केएच, इंडोनेशियाची डॉट जीओ डॉट आयडी (तिथे ‘व्ही’ नाही!). शेवटी डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग दिसलं की बाहेर पडा. तरीही अधूनमधून नियमच बदलतात. श्रीलंकेचं बघा, एप्रिल २०२४ मध्ये जुनी ईटीए पद्धत काढून खासगी कंपन्यांकडे नवीन ई-व्हिसा दिला, ऑगस्टमध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली आणि सप्टेंबरमध्ये जुनी पद्धत परत आली. त्या दिवसांत वर्षभरापूर्वीचा ब्लॉग वाचून गेलेल्याचं काय झालं असेल. म्हणून आपला हा धागासुद्धा कोणी नंतर वाचत असेल तर साइट बघूनच पुढे जा.

दिवेलागण :
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणत्याच एजंटने सांगितलं नसतं. असं ठरलंय :

व्हिएतनाम ऑनलाइन, मल्टिपल एंट्री, पाचही जणांचा. कंबोडिया पण ऑनलाइन, बसमुळे. बालीबद्दल अजून घासाघीस चालू आहे, नवरा म्हणतोय निदान तिथे तरी मला काउंटरवर जाऊ दे :) शिवाय तोपर्यंत तारीख बदलली तर, हा रानवारा यांचा मुद्दा त्याने उचललाय.

रानवारा :
ताई, मी ऑन अरायव्हलवाला असूनही सांगतो, सासरेबुवांसाठी बालीचाही ऑनलाइनच काढा. त्याला ई-व्हीओए म्हणतात, फी तीच ५ लाख रुपिया, शिवाय काढल्यापासून ९० दिवसांत कधीही प्रवेश करता येतो त्यामुळे तारीख थोडी सरकली तरी वाया जात नाही. माझा तारखेचा मुद्दा इथे लागू होतच नाही. एक रांग कमी झाली तर होऊ दे.

मैलाचा_दगड :
+१. आणि बालीत व्हिसाखेरीज दोन गोष्टी आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना माणशी दीड लाख रुपियाचं पर्यटन शुल्क आहे, ते ‘लव्ह बाली’ साइटवर आधी भरता येतं. आणि ‘ऑल इंडोनेशिया’ नावाचं आगमनाचं डिजिटल कार्ड, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर ती साइट खोटी. कंबोडियातही असंच ई-अरायव्हल कार्ड आहे, ते विमानाने जाणाऱ्यांसाठी.

खिडकीची_सीट :
सगळे व्हिसा मोबाईलमध्ये ठेवाच पण छापील प्रतीही हातातल्या बॅगेत घ्या, चेक-इन बॅगेत नको. पासपोर्टची मुदत शेवटच्या प्रवेशाच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक आहे ना ते आजच बघा, सासू-सासऱ्यांचे जुने असतील तर विशेष. आणि बालीहून परतीचं तिकीटही छापून ठेवा, ते काउंटरवर हमखास मागतात.

दिवेलागण :
सासूबाईंच्या पासपोर्टची मुदत आत्ताच बघितली, शेवटच्या प्रवेशाच्या दिवशी जेमतेम पाच महिने उरतायत! नूतनीकरणाची अपॉइंटमेंट घेतेय. नवीन नंबर मिळाल्यावरच सगळे फॉर्म भरू ना? की बाकीच्या चौघांचे आधी भरून टाकू?

ऋतुगंध :
थांबा आणि पाचही एकदम भरा. एकाचा अडकला तर सगळ्यांच्याच तारखा हलणार, मग चौघांची फी उगाच जायला नको.